तेल मुरलेलं बटण

(मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावरचं रिपेअरिंगचं अरुंद दुकान. काउंटरच्या आत अश्फाक. बाहेर उभी प्रांजल, आणि स्टुलावर बसलेली तिची सासू धोंडुबाई. सकाळची वेळ.)

अश्फाक : टीव्हीचा रिमोट आणा, बीपीचं मशीन आणा, डोळे झाकून खोलतो. पण हे पहिल्यांदाच बघतोय ताई. खोलल्यावर काय बिघडलं तर मला बोलायचं नाही, आत्ताच सांगून ठेवतो.

प्रांजल : नाही बोलणार. एवढं एकच बटण बघा. दाबलं की आत जाऊन बसतं, वर येत नाही. वर आलं तर दाबलेलं लागत नाही.

अश्फाक : कसला खेळ म्हणायचा हा?

प्रांजल : खेळ नाही. म्हणजे खेळच, पण उपचारासाठीचा. माझ्या मुलाचा आहे, मल्हारचा. सहा वर्षांचा आहे. जन्माच्या वेळी त्याच्या उजव्या खांद्याची नस ओढली गेली. हात वर जात नाही, अंगठ्यात जोर नाही. दवाखान्यानं हा सेट घरी वापरायला दिलाय. डोळ्यांवर तो डबा लावायचा, हातात हा कंट्रोलर धरायचा. आत फुगे दिसतात. हात उचलून फुग्यापर्यंत न्यायचा आणि अंगठ्यानं हे बटण दाबायचं. फुगा फुटला की मार्क.

अश्फाक : व्हीआर! मग तसं सांगा की. मोबाइलवर बघितलंय मी, लोक भिंतीला जाऊन धडकतात ते.

प्रांजल : तेच.

धोंडुबाई : प्रांजल, आगं उनात का हुबी? हिकडं सरक की जरा.

प्रांजल : असू दे आत्या. मी ठीक आहे.

अश्फाक : पण त्या कडेला टेकू नका हां ताई. शेजारी कुतुबचाचा सकाळपासनं तानपुऱ्याचा भोपळा तासायला बसलेत. त्यांचा सगळा भुगा माझ्या काउंटरवर. ड्रेस पिवळा होईल. ...स्क्रू बारीक आहेत की वो. ज्यांनी दिलं त्यांच्याकडंच द्यायचं नाही होय हे?

प्रांजल : ते बेंगळुरूला पाठवतात. परत यायला महिना लागेल म्हणाले. आणि शुक्रवारी पुण्याचे डॉक्टर येतात. त्यांच्यासमोर त्यानं हे खेळून दाखवायचंय. मागच्या वेळी त्याचं ऑपरेशन ठरत आलं होतं. घरचे मार्क चांगले होते म्हणून डॉक्टरांनी पुढं ढकललं. आता त्यांच्यासमोर तसेच मार्क आले तर करायचंच नाही म्हणाले. आणि अशा वेळी हे बटण.

अश्फाक : बटणाला माणसाची वेळ कुठं कळते. त्याचं काय तरी असंच असतं.

प्रांजल : रात्रभर झोपले नाही मी. परवा संध्याकाळी अडकलं, तेव्हापासून फक्त हेच डोक्यात.

धोंडुबाई : जेवली बी न्हाई. ताट तसंच झाकून ठिवलं.

प्रांजल : आत्या, ते कशाला सांगताय त्यांना?

अश्फाक : सांगू द्या ताई. इथं येणारं निम्मं माणूस न जेवताच आलेलं असतं. समोर बघा की, दवाखानेच दवाखाने. ...हां, निघाला हा स्क्रू. बटणावर काय लिहिलेलं होतं का?

प्रांजल : 'ए' होता. पूर्ण पुसून गेला. आणि हा डाव्या हाताचा बघा, कोरा करकरीत आहे अजून, दुकानातून आणल्यासारखा. एवढं दाबलंय माझ्या पोरानं. त्याच अंगठ्यानं, ज्याच्यात पेन धरायचा जोर नव्हता. मला खरं तर हे जुनं बटण जपून ठेवायचं होतं. त्याला मोठा झाल्यावर दाखवायला.

अश्फाक : मग नवीन कुठनं आणू मी? हेच पुसून बसवणार. ...थांबा थांबा. हे काय?

प्रांजल : काय झालं? मोडलं का?

अश्फाक : मोडलं नाही. वास घ्या जरा.

प्रांजल : कसला वास?

अश्फाक : लसणाचा. अल्ला, हे काय फोडणीत पडलं होतं का ताई? पोरगं भजी खात खेळतंय वाटतं.

प्रांजल : शक्यच नाही. मी रोज स्पिरिटनं पुसते हे. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, मला कळतं त्यातलं. त्याचे हात धुतल्याशिवाय मी हे हातात देत नाही.

अश्फाक : बाहेरनं पुसलं असेल. आतलं बघा. हे रबर, ह्याच्या खाली काळा ठिपका असतो. तो खालच्या पट्टीला टेकला की बटण लागलं. ठिपका राहिलाच नाही, तेलानं उचलून आलाय. रबर कसं फुगलंय बघा, भिजलेल्या डाळीसारखं. एका दिवसाचं तेल नाही हे. मुरलंय चांगलं.

प्रांजल : आणा इकडं. ...लसूण आणि ओवा आहे. आत्या, हे तुमचं तेल आहे.

धोंडुबाई : आसंल की. करडीच्या त्येलात कढीवलंय. जतवरनं येताना बाटली भरून आणलीया न्हवं?

प्रांजल : पण मालीश तुम्ही रात्री करता. त्याला निजवताना.

धोंडुबाई : रातीबी करते, दुपारचंबी करते. तू कामाला गेलीस की पोरगं साळंतनं येतंय, जेवतंय, मग हात चोळून देते. आदी हात मऊ करून घ्याचा, मग करंट द्याचा. त्या दवाखान्यातली पोरगी तसंच करायची की. आदी गार गार काय तरी चोळायची, मग वायरी लावायची.

प्रांजल : घरी कुठं आल्या वायरी? कसला करंट?

धोंडुबाई : ह्यो की. ह्या रिमोटातला.

प्रांजल : ह्याच्यातून करंट येत नाही, आत्या.

धोंडुबाई : येतोय की! मला सांगतीस व्हय? रोज माज्या हाताला लागतोय. फुगा फुटला म्हणतंय पोरगं, आन हिकडं लगीच भुर्रर करतोय.

अश्फाक : ते व्हायब्रेशन, मावशी. मोबाइल कसा खिशात थरथरतो, तसं. उगा गंमत म्हणून असतं.

प्रांजल : दादा, थांबा जरा. आत्या, तुमच्या हाताला कसा लागतो तो?

धोंडुबाई : आता धरल्याव लागंल न्हाई तर काय.

प्रांजल : म्हणजे कंट्रोलर तुम्ही धरता?

धोंडुबाई : मी कशाला धरू? त्येच्याच हातात आसतोय. मी त्येचा हात धरते. वरनं. ह्यो आसा.

प्रांजल : आणि त्याचा अंगठा?

धोंडुबाई : माज्या अंगठ्याखाली.

प्रांजल : बटण कोण दाबतं?

धोंडुबाई : दोघंबी. त्येच्यात कुठला जोर? मीच दाबते म्हण की.

प्रांजल : हात वर कोण नेतं, आत्या?

धोंडुबाई : त्यो सांगतोय, आज्जे वर, आजून वर, आता हिकडं. मला काय दिसतंय आतलं? त्यो सांगंल तसा मी न्हेते. लय शाना हाय, फुगा बराबर घावतोय आमाला.

प्रांजल : आणि एकटा? तुम्ही न धरता?

धोंडुबाई : एकट्यानं केलं की पयल्या पयल्यांदा. हितवर आला हात की कापाय लागायचा. डोळ्यातनं पानी. तवर फुगा जायचा निघून. फुगा न्हाई तर करंट न्हाई. मग त्यो डबा घालून उपेग काय? म्हणून मग मी धराय लागले. जेवढं फुगं जास्ती, तेवढा करंट जास्ती. लौकर बरं वाटंल लेकराला.

प्रांजल : (भुग्यानं भरलेल्या कडेला टेकते.)

अश्फाक : ताई, पाणी देऊ? बसा. मावशी, जरा स्टूल द्या त्यांना.

प्रांजल : नको. उभीच राहते.

धोंडुबाई : काय झालं गं? माजं काय चुकलं?

प्रांजल : रोज दुपारी लॅबमध्ये माझा मोबाइल वाजायचा. मल्हारचे मार्क आले. मी बाटल्यांवर पेशंटची नावं चिकटवत असायचे, ती टाकून आधी मोबाइल बघायचे. आज कालच्यापेक्षा जास्त. उद्या आजच्यापेक्षा जास्त. शेजारी रेश्मा बसते, तिला दाखवायचे. ह्यांना शिरवळला फोटो काढून पाठवायचे, कंपनीत जेवायच्या सुट्टीत बघतील म्हणून. साताऱ्याला आईला फोन करायचे. माझी आई देवाला साखर ठेवायची, आत्या. कुणाच्या अंगठ्यासाठी?

धोंडुबाई : आगं पन हात तर त्येचाच हुता ना आत.

प्रांजल : जोर तुमचा होता! मार्क जोराचे असतात. हात किती वर गेला आणि बटण किती वेळा दाबलं, ते मोजतं हे. डॉक्टरांनी त्या दिवशी त्याचा हात धरून बघितला. म्हणाले, अहो, हा तर एवढाच जातोय. आणि मी काय म्हणाले माहितीय? सर, तो इथं घाबरतो. घरी उचलतो, हे बघा मार्क. मी म्हणाले. दोन वेळा म्हणाले. ते विचारात पडले, आणि मग म्हणाले, ठीक आहे, थांबून बघू.

धोंडुबाई : मंजी... आपरीशन त्येच्यामुळं ऱ्हायलं?

प्रांजल : हो.

धोंडुबाई : मला वाटलं टळलं. चांगलं झालं, सुरी लागायची टळली पोराच्या अंगाला.

प्रांजल : टळलं नाही, लांबलं. आणि जितकं लांबेल तितका खांदा आखडणार. ते मला पहिल्या दिवसापासून सांगतायत. सांधा एकदा आखडला की मग ऑपरेशननं पण पूर्ण सुटत नाही. कळतंय का तुम्हाला?

धोंडुबाई : आता कळतंय. तवा कुनी सांगितलं मला? तू म्हणालीस, आत्या, दुपारचा खेळ चुकवायचा न्हाई. चुकिवला का मी? भाचीचं लगीन हुतं उमदीला. गेले न्हाई. खेळ चुकंल म्हणून गेले न्हाई.

प्रांजल : खेळायचं त्यानं होतं!

धोंडुबाई : आवाज नगं चढवूस बाई, रस्ता हाय.

प्रांजल : चढवत नाही. माझ्यात तेवढं त्राण पण नाही आता. तुम्ही असं करा, आत्या. तुम्ही गावाला जा. मी रजा काढते, बिनपगारी मिळेल. मी बघते त्याचं.

धोंडुबाई : जाते. दुपारच्या जतच्या गाडीनं जाते. पन चोरी केली न्हाई मी.

प्रांजल : चोरी म्हणालं का कोणी?

धोंडुबाई : आमच्यात कोकरू पाय टाकत नसलं की त्येला पोटाखाली हात घालून हुबं करत्यात. चालीवत्यात तसंच. निम्मा भार आपन घ्याचा. आठवडाभर धरलं की त्ये आपल्या पायानं पळतंय. म्या लय कोकरं चालीवलीत. मला वाटलं, हात तर काय, आज ना उद्या आपल्या जोरानं वर जाईल. मला कळायचं बी न्हाई कवा त्येचा जोर आन कवा माजा. कवा कवा वाटायचं, आज त्यानंच उचलला.

प्रांजल : खरंच वाटायचं? सांगा ना. कधी? कुठल्या दिवशी?

धोंडुबाई : खोटं कशाला बोलू. वाटायचं. खरं काय त्ये देवाला ठावं.

अश्फाक : ताई, मधे बोलतो, राग मानू नका. काम तर करायचंय ना? नाही तर ठेवतो बाजूला.

प्रांजल : करायचंय. करा तुम्ही.

अश्फाक : मग एक विचारायचंय. हे रबर गेलं. माझ्याकडं दोन सापडलेत, दोन्ही बसतील. हे एक हलकं आहे, जुन्या गेमच्या रिमोटमधलं. नुसतं बोट टेकलं तरी लागतं. आणि हे कडक, ह्याचं मूळचं होतं साधारण तसं. कुठलं टाकू?

धोंडुबाई : हलकं टाक बाबा. हलकंच टाक. पोराचा अंगठा काय एवढासा.

अश्फाक : मी पण तेच म्हणणार होतो. शुक्रवारी पोरगं स्वतःच्या बोटानं दाबेल. कुणी धरायला नको. लबाडी पण नाही त्यात, दाबणार तर तोच.

प्रांजल : हलकं टाकलं तर फुगे फुटतील?

अश्फाक : फटाफट.

प्रांजल : खालचे खालचे तरी फुटतीलच ना? डॉक्टरांसमोर?

अश्फाक : हात जाईल तिथले फुटतील. वर न्यायचं मात्र माझ्या रबरात नाही ताई.

धोंडुबाई : दाबल्यालं दिसंल तरी. थोडं तरी बरं वाटंल डाक्टरला.

प्रांजल : डॉक्टरला बरं वाटून काय करू, आत्या? मला एकदा बरं वाटलं तेवढं बास झालं. ...कडक टाका, दादा. होतं तसंच.

अश्फाक : नक्की?

प्रांजल : नक्की. आणि मला एक फोन करायचाय. इथं आडोशाला उभी राहून करू का?

अश्फाक : इथंच करा. मी पंखा बंद करतो, ऐकू येणार नाही त्याच्यात.

प्रांजल : हॅलो, सिस्टर? मी मल्हारची आई बोलतेय. हो, उजवा हात, तोच. शुक्रवारी येतोय आम्ही. ...नाही, वेळ बदलायची नाही. सरांना एक सांगायचं होतं. ते घरचे मार्क आहेत ना, ते धरू नका म्हणावं. ...नाही हो, मशीन बरोबर आहे. मार्क बरोबर नाहीत. ते त्याचे नाहीत. ...म्हणजे घरी त्याचा हात धरून खेळवत होतो. ...कोण म्हणजे, आम्हीच. ...हो. हो, कळायला पाहिजे होतं. शिकलेले आहोत, हो. ...बोला ना, ऐकतेय मी. ...बरोबर आहे तुमचं. ...सगळेच मार्क. पहिले थोडे दिवस सोडून सगळेच. मागच्या वेळी दाखवले ते पण. ...आणि ऑपरेशनचं परत? ...बरं. सर बघून सांगतील. ...बरं, ठेवते.

अश्फाक : पंखा लावू?

प्रांजल : लावा.

धोंडुबाई : लय बोलल्या का?

प्रांजल : बोलल्या. बोलणारच.

धोंडुबाई : माजं नाव का न्हाई सांगितलंस?

प्रांजल : सांगून काय होणार होतं? डॉक्टरांना हात हवाय, नाव नकोय. आणि तुम्ही दुपारभर त्याच्याजवळ बसत होता. मी मोबाइल बघत होते. एका रविवारी जरी समोर बसून बघितलं असतं तरी कळलं असतं मला. पण रविवारी कपडे, दळण, पुढच्या आठवड्याचं. मी म्हणायचे, जा, आजीबरोबर खेळ. मोबाइल वाजला की मी खूश.

धोंडुबाई : जयराजला काय सांगायचं?

प्रांजल : सांगते मी. ह्या आठवड्यात रात्रपाळी आहे, झोपले असतील आत्ता. उठू देत. अजून चार तास त्यांचा मुलगा बरा होतोय, तेवढं तरी होऊ दे.

अश्फाक : हे घ्या ताई. दाबून बघा. आतनं सगळं पुसलंय, पण वास जायचा नाही लगेच.

प्रांजल : बरंच कडक आहे.

अश्फाक : पहिल्यासारखंच आहे. तेलानं ढिलं झालेलं होतं, तुम्हाला त्याची सवय झाली. मावशी, तुम्ही बघा दाबून. तुमच्या अंगठ्याला लगेच कळेल.

धोंडुबाई : नगं रं बाबा. मी न्हाई हात लावत त्येला.

अश्फाक : शुक्रवारी घेऊन जाताना पिशवीत असं उलटं ठेवू नका फक्त.

प्रांजल : शुक्रवारी हे नेणारच नाही. सिस्टर म्हणाल्या, मशीन घरी ठेवा. नुसता मुलगा घेऊन या. सर हातानं बघतील.

अश्फाक : म्हणजे मी उगाच बसवलं?

प्रांजल : उगाच नाही. ऑपरेशन झालं की परत पहिल्यापासून हेच खेळायचंय त्याला. तेव्हा लागेल.

धोंडुबाई : मी निगते मग. कपडं काय हायत दोन, भरायला येळ न्हाई लागायचा. पोरगं साळंतनं यायच्या आदी गेलेलं बरं, न्हाई तर रडंल.

प्रांजल : आत्या.

धोंडुबाई : काय?

प्रांजल : शुक्रवारपर्यंत थांबा.

धोंडुबाई : आत्ता तर जा म्हणालीस.

प्रांजल : म्हणाले. मागच्या वेळी डॉक्टरांनी खांदा दाबला तर तो माझ्या हाताला चावला. माझ्याजवळ तो त्या खांद्याला कोणाला हात लावू देत नाही. तुमच्या मांडीवर बसतो गप्प.

धोंडुबाई : बसतोय. मग बसते घेऊन.

प्रांजल : फक्त घेऊन बसायचं.

धोंडुबाई : आन त्यो हात? डाक्टर वर कर म्हणाला, आन कापाय लागला तर?

प्रांजल : धरायचा नाही, आत्या. जाईल तेवढा जाऊ दे.